माळढोक, देवराई आणि सोलर: वाळवंटातला वाद नेमका काय आहे? सोप्या भाषेत समजून घ्या

राजस्थानात जैसलमेरच्या वाळवंटात एकाच जमिनीवर तिघांचा दावा आहे. देशाला तिथे सोलर प्रकल्प हवेत, कारण इतकं ऊन आणि इतकी मोकळी जागा दुसरीकडे सहज मिळत नाही. माळढोक पक्ष्याचं जगातलं जवळपास शेवटचं घर तिथेच आहे. आणि तिथल्या गावांनी पिढ्यान् पिढ्या देवाच्या नावाने राखलेली 'ओरण', म्हणजे आपल्या भाषेत देवराई, तीही तिथेच आहे.

सोशल मीडियावर या विषयाच्या दोनच बाजू दिसतात. एक गट म्हणतो, 'ग्रीन एनर्जीच्या नावाखाली निसर्ग संपवला.' दुसरा म्हणतो, 'एका पक्ष्यासाठी देशाची वीज अडवली.' सुप्रीम कोर्टात हा वाद २०१९ पासून सुरू आहे आणि या काळात कोर्टानेही आपल्या भूमिकेत मोठे बदल केले आहेत. म्हणूनच हे प्रकरण मुळापासून समजून घेऊ.

थोडक्यात

- माळढोक आज जंगलात जेमतेम दीडशेच्या आसपास उरले आहेत. वीज वाहून नेणाऱ्या तारांना धडकणं हा त्यांना सध्याचा सर्वांत मोठा धोका मानला जातो.
- २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने विस्तीर्ण भागातल्या तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. २०२४ मध्ये तो सरसकट आदेश मागे घेतला. डिसेंबर २०२५ मध्ये तज्ज्ञ समितीच्या शिफारशींवर नवा निकाल दिला.
- डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या ओरणांबाबत कोर्टाने वेगळा निकाल दिला आहे.
- या वादातला एक जुना धडा महाराष्ट्रातल्या नान्नजमध्येच आहे.

इतके मोठे प्रकल्प वाळवंटातच का?

२०३० पर्यंत ५०० गिगावॅट वीजनिर्मिती क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची, म्हणजे कोळसा, गॅस, तेल सोडून इतर स्रोतांची, असेल असं भारताने २०२१ च्या ग्लासगो हवामान परिषदेत जाहीर केलं. २०७० पर्यंत 'नेट झिरो' होण्याची घोषणाही तिथलीच. २०२५ च्या मध्यापर्यंत देशाच्या एकूण स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता या स्रोतांची झाली. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत मात्र अजूनही कोळशाचाच वाटा सर्वांत मोठा आहे. त्यामुळे सोलर आणि पवनऊर्जा अजून खूप वाढवावी लागणार, यात शंका नाही.

अडचण जागेची आहे. जमिनीवर १ मेगावॅट सोलर उभारायला साधारण ४ ते ५ एकर जागा लागते. राजस्थानातला भडला सोलर पार्क २,२४५ मेगावॅटचा आहे आणि तो सुमारे १४,००० एकरांवर पसरलाय. गुजरातमध्ये कच्छच्या रणाजवळ खावडा इथे त्याहून कितीतरी मोठा, ३० गिगावॅटचा प्रकल्प उभा राहतोय.

शिवाय वीज तयार होते वाळवंटात आणि लागते शहरांमध्ये, कारखान्यांमध्ये. त्यामुळे पॅनलच्या मागोमाग टॉवर आणि तारा येतात. माळढोकाच्या प्रकरणात खरी लढाई झाली ती पॅनलपेक्षा या तारांवरून.

माळढोक तारांना का धडकतो?

माळढोक हा उडू शकणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. नराचं वजन १५ किलोपर्यंत जातं. इतकं जड शरीर हवेत झटकन वळवता येत नाही.

दुसरं कारण डोळ्यांचं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. आजूबाजूचं त्याला उत्तम दिसतं, पण अगदी समोरचं कमी दिसतं. मोकळ्या माळावर शत्रू कुठूनही येऊ शकतो, तिथे अशी नजर फायद्याचीच होती. हवेत आडव्या तारा असतील, याची तयारी निसर्गाने केलेली नव्हती. तार दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

भारतीय वन्यजीव संस्थेने थर वाळवंटातल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर भागाचा अभ्यास केला. त्या भागात वीजतारांमुळे दरवर्षी सगळ्या जातींचे मिळून सुमारे ८४,००० पक्षी मरत असावेत, असा अंदाज त्यातून निघाला.

यात माळढोकांची संख्या तुलनेने फार कमी आहे. पण माळढोकाची मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते. ते अंडं जमिनीवर असतं, त्यामुळे कुत्री, कोल्हे, गुरांचे पाय यातून वाचायला हवं. एकूण दीडशे पक्षी उरलेले असताना वर्षाला पाच-दहा मोठे पक्षी जरी तारांनी मारले, तरी ती तूट जन्मातून भरून निघत नाही.

मग तारा जमिनीखालून का नेत नाहीत?

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. शहरात केबल जमिनीखाली असतेच की!

कमी दाबाच्या तारांसाठी हे शक्य आहे. ११ केव्ही, ३३ केव्हीच्या लाइन जमिनीखाली नेता येतात, खर्च वाढतो इतकंच. पण सोलर पार्कमधून निघणाऱ्या मोठ्या लाइन ४०० किंवा ७६५ केव्हीच्या असतात. इतक्या दाबाच्या एसी केबलचा स्वभाव लांबलचक कपॅसिटरसारखा असतो. अंतर वाढलं की केबलची बरीच क्षमता स्वतःला चार्ज करण्यातच खर्ची पडते. ठिकठिकाणी जोड द्यावे लागतात, बिघाड शोधायला आणि दुरुस्त करायला वेळ लागतो. खर्च तर कित्येक पटींनी वाढतो. डीसी केबलमध्ये चार्जिंगचा हा प्रश्न येत नाही, पण दोन्ही टोकांना महागडी कन्व्हर्टर स्टेशन बांधावी लागतात.

दुसरा उपाय 'बर्ड डायव्हर्टर'चा. तारांवर ठरावीक अंतरावर फिरत्या, चमकणाऱ्या चकत्या लावायच्या, म्हणजे पक्ष्याला तार लांबून दिसेल. हा उपाय स्वस्त आहे. पण चकत्या तुटतात, गळून पडतात आणि त्यांची देखभाल करावी लागते. माळढोकासारख्या पक्ष्याला त्यांचा नक्की किती उपयोग होतो, यावर तज्ज्ञांचं एकमत नाही.

सुप्रीम कोर्टात काय काय झालं?

२०१९: निवृत्त सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह यांनी इतरांसह याचिका दाखल केली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तयार करण्यात त्यांचा मोठा वाटा होता.

एप्रिल २०२१: माळढोकाचा अधिवास म्हणून दाखवलेल्या भागात नव्या तारा जमिनीखालून न्या, जुन्या तारांवर डायव्हर्टर लावा आणि जिथे शक्य असेल तिथे जुन्या ताराही जमिनीखाली न्या, असा आदेश कोर्टाने दिला. हा भाग होता सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळपास एक तृतीयांश महाराष्ट्राएवढा. देशातली सर्वोत्तम सोलर जमीनही त्यातच होती. केंद्र सरकार आदेश बदलून घेण्यासाठी पुन्हा कोर्टात गेलं.

मार्च २०२४: तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सरसकट बंदी मागे घेतली आणि कुठे काय शक्य आहे ते ठरवायला तज्ज्ञ समिती नेमली. याच निकालात कोर्टाने म्हटलं की, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळणं हा नागरिकांचा हक्क आहे आणि तो राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येतो. म्हणजे आता दोन पर्यावरणीय मूल्यं समोरासमोर उभी राहिली होती: नामशेष होणारी प्रजाती वाचवणं आणि कोळशापासून सुटका करून घेणं.

डिसेंबर २०२५: न्या. पी. एस. नरसिंह आणि न्या. अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठाने समितीच्या शिफारशी स्वीकारल्या. संरक्षणासाठी प्राधान्याचं क्षेत्र राजस्थानात १४,०१३ चौरस किलोमीटर आणि गुजरातमध्ये ७४० चौरस किलोमीटर असं ठरलं. या क्षेत्रात नवी पवनचक्की नाही आणि २ मेगावॅटपेक्षा मोठा नवा सोलर प्रकल्पही नाही. मोठ्या तारा वाटेल तिथून न नेता ठरलेल्या कॉरिडॉरमधूनच न्यायच्या. सर्वाधिक धोकादायक तारा शोधून काही जमिनीखाली न्यायच्या, काहींचा मार्ग बदलायचा.

थोडक्यात, आधी रेघ फार मोठी होती, आता ती लहान आणि कडक झाली आहे. या निकालावर टीकाही आहे. जैसलमेर जिल्ह्यात माळढोक मुख्यतः दोन भागांत उरलेत: एक डेझर्ट नॅशनल पार्कचा परिसर, दुसरा पोखरणच्या लष्करी फायरिंग रेंजचा परिसर. पक्षी या दोन भागांत ये-जा करतात. ही वाट सुरक्षित राहिली नाही, तर दोन्ही बाजूंना कितीही कडक नियम असून उपयोग काय, असा पक्षीअभ्यासकांचा प्रश्न आहे.

ओरण म्हणजे काय, आणि तिचा यात काय संबंध?

कोकणात किंवा मावळात देवराई पाहिली असेल तर ओरण समजायला सोपी आहे. एखाद्या देवतेच्या, संताच्या किंवा वीरपुरुषाच्या नावाने राखलेली जमीन. तिथलं हिरवं झाड तोडायचं नाही, नांगर घालायचा नाही. वाळून पडलेलं लाकूड, बोरं, केर घ्यायला हरकत नाही. गुरं, उंट, शेळ्या-मेंढ्या चरायला मोकळ्या.

फरक इतकाच की आपली सह्याद्रीतली देवराई गर्द असते, पायवाटही अंधारी. वाळवंटातली ओरण लांबून पाहिली तर नुसता उघडा माळ वाटते. खेजडीची, बोरीची तुरळक झाडं, मध्ये गवत, एखादं तळं. पण कमी पावसाच्या प्रदेशात पशुपालकांचं सगळं वर्ष या माळावर चालतं आणि माळढोकालाही असाच माळ लागतो.

राजस्थानात अशा सुमारे २५,००० ओरण असाव्यात, असा अंदाज दिला जातो. त्यांतल्या अनेक महसुली दप्तरात ओरण म्हणून नोंदलेल्याच नाहीत. कागदावर ती सरकारी पडीक जमीन. त्यामुळे प्रकल्पाला जमीन देताना अधिकाऱ्याच्या समोर असतो एक रिकामा गट नंबर, आणि गावासमोर असतो आपला देव आणि आपलं चराऊ कुरण. जैसलमेरमधल्या देगराय मातेच्या ओरणातून हाय-टेन्शन तारा गेल्या तेव्हा हा वाद पेटला. ओरणांची नोंद व्हावी म्हणून गावकऱ्यांनी पायी यात्रा काढल्या.

१८ डिसेंबर २०२४ रोजी न्या. भूषण गवई यांच्या खंडपीठाने राजस्थान सरकारला ओरणांसारख्या सगळ्या पवित्र वनांचं जमिनीवर आणि उपग्रहाद्वारे सर्वेक्षण करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करायला सांगितलं. आकार लहान म्हणून एखादी ओरण वगळू नका, असंही कोर्टाचं म्हणणं होतं. पण इथे एक पेच आहे. जमीन 'वन' झाली की प्रकल्पापासून वाचते, मात्र वनखात्याचे नियम लागू होऊन गावाचा चराईचा हक्क तर जाणार नाही ना, ही पशुपालकांची भीती आहे. जमीन वाचवताना ती राखणाऱ्यांचा हक्कही वाचवावा लागेल.

झाडांचीही तीच गोष्ट. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाच्या माणसांपासून खेजडी वाचवताना अमृतादेवी आणि बिश्नोई समाजाच्या ३६३ जणांनी प्राण दिले. आज पॅनलवर सावली पडते म्हणून प्रकल्पांच्या जागेवरच्या खेजडी तोडल्या जातात आणि त्याविरोधात बिकानेर भागात आंदोलनं झाली आहेत. तिथल्या लोकांसाठी खेजडी म्हणजे आठवण, धर्म आणि जनावरांचा चारा.

'पडीक' कोण ठरवतं?

या सगळ्या वादाचं मूळ एका शब्दात आहे: 'पडीक'. जिथे पीक नाही आणि दाट जंगल नाही, ती जमीन वाया गेलेली, ही समजूत इंग्रजांच्या महसूल पद्धतीतून आली आणि टिकली. देशाच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशांत आजही अनेक गवताळ आणि झुडपी माळ त्याच रकान्यात आहेत.

दुसरी फट नियमांची. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत सोलर पॅनलचे आणि पवनचक्क्यांचे प्रकल्प नाहीत. म्हणजे धरण, खाण किंवा औष्णिक केंद्राला जो अभ्यास आणि जी जनसुनावणी लागते, ती हजारो एकरांच्या सोलर पार्कला या अधिसूचनेखाली लागत नाही. हेतू चांगला होता, स्वच्छ ऊर्जेला कागदपत्रांत अडकवू नये. पण त्यामुळे 'इथे कोण राहतं, कोण चरतं, कोण उडतं' हा प्रश्न आधी विचारलाच जात नाही. मग तो थेट कोर्टात विचारला जातो, टॉवर उभे राहिल्यावर.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

'माळढोक' हे नावच मराठी माळावरचं. सोलापूरजवळचं नान्नज एकेकाळी या पक्ष्यासाठी देशभर प्रसिद्ध होतं. १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात ८,४९६ चौरस किलोमीटरचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं, शेतं, बाजारपेठा, सगळंच आलं. जमिनीच्या व्यवहारांपासून विकासकामांपर्यंत जिथे तिथे 'अभयारण्य' आडवं येऊ लागलं. लोकांच्या मनात पक्ष्याबद्दलच राग बसला. पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं.

तोवर उजनीचं पाणी आलं, उसाचं क्षेत्र वाढलं, माळ नांगरले गेले. आज नान्नजला माळढोक दिसलाच तर एखादा. कागदावर देशातलं एक मोठं अभयारण्य असताना पक्षी गेला. भलीमोठी रेघ ओढून पक्षी वाचत नाही. नेमकी जागा आणि तिथले लोक सोबत लागतात, हा नान्नजचा धडा आहे. आता जैसलमेरमध्ये रेघ लहान झाली आहे, तिथे हाच धडा उपयोगी पडेल.

दुसरं उदाहरण साताऱ्याचं. चाळकेवाडीच्या पठारावर बऱ्याच वर्षांपासून पवनचक्क्या आहेत. तिथे भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी इतर भागाच्या तुलनेत जवळपास एक चतुर्थांशच दिसले. शिकारी कमी झाल्याने सरडे वाढले आणि त्यांचं वागणंही बदललं. तिथल्या रंगीत गळ्याच्या सरड्याच्या कुळाचं शास्त्रीय नावच 'सरडा' आहे, थेट मराठीतून घेतलेलं. पवनचक्की धूर सोडत नाही हे खरंच, पण ती उभी राहिली की पठारावरची सगळी साखळी हलते. याच जिल्ह्यातलं कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. त्यामुळे कुठल्या पठारावर काय उभारायचं, हा प्रश्न आपल्याकडेही आहे.

मग तोल साधायचा कसा?

*आधी नकाशा, मग टेंडर.* संवेदनशील अधिवास, ओरण, चराऊ माळ, पक्ष्यांच्या वाटा यांचा नकाशा जमीनवाटपाआधी तयार हवा. प्रकल्पाची जागा शंभर किलोमीटर सरकवता येते, माळढोकाची सरकवता येत नाही.

*तारा एकत्र न्या.* प्रत्येक प्रकल्पाची वेगळी लाइन टाकण्याऐवजी ठरलेल्या कॉरिडॉरमधून सामायिक लाइन नेल्या, तर आकाशातलं जाळं विरळ राहतं. ३३ केव्हीसारख्या कमी दाबाच्या तारा गाडणं शक्य आहे, तिथे ते आधी करावं.

*जी जागा आधीच वापरात आहे ती वापरा.* घरांसाठी 'पीएम सूर्यघर' योजना २०२४ मध्ये आली, लक्ष्य १ कोटी घरांचं. तेलंगणात रामगुंडम इथे जलाशयावर १०० मेगावॅटचा तरंगता प्रकल्प आहे. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळ छोटे प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज द्यायची कल्पना आहे. त्यात लांबच्या तारा टळतात. मात्र त्यासाठी गायरान घेताना, त्या गायरानावर कोणाची मेंढरं चरतात हे तिथेही विचारावं लागेल.

*गावाला आधी विचारा.* ओरणाची हद्द महसुली दप्तरात नसली तरी गावातल्या गुराख्याला पायाखालची माहीत असते.

व्हायरल दावे, आणि खरं काय?

'सोलरमुळे माळढोक संपला.' अर्धसत्य. १९६९ च्या सुमारास देशात अंदाजे १,२६० माळढोक होते. ही संख्या घसरली ती मुख्यतः शिकार, माळांची शेती, भटकी कुत्री यांमुळे, सोलर येण्याआधीच. पण जे उरलेत त्यांना तारांचा धोका सर्वांत मोठा आहे.

'एका पक्ष्यासाठी देशाचं नुकसान.' आताची बंदी ९९,००० पैकी सुमारे १४,७५० चौरस किलोमीटरपुरती आहे. बाकी वाळवंट खुलं आहे. आणि माळढोक टिकतो तिथे गवत टिकतं, चिंकारा टिकतो, मेंढपाळही टिकतो.

'छतावर सोलर लावलं की मोठे प्रकल्प नकोत.' छतांनी भार हलका होईल, पण कारखाने, रेल्वे, मोठी शहरं यांना मोठे प्रकल्प लागणारच. ते कुठे उभारायचे, हाच खरा प्रश्न आहे.

'आता पिंजऱ्यात प्रजनन होतंय, चिंता मिटली.' जैसलमेर जिल्ह्यात सम आणि रामदेवरा इथल्या केंद्रांत साठहून अधिक माळढोक वाढवले गेले आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लूही जन्मलं. ही मोठी गोष्ट आहे. पण हे पक्षी कधीतरी मोकळे सोडायचे आहेत, आणि तेव्हा त्यांना माळ लागेल आणि तारा नसलेलं आकाश लागेल.

पुढे काय पाहायचं?

डिसेंबर २०२५ च्या निकालाची अंमलबजावणी आता सुरू होणार आहे. तीन गोष्टींकडे लक्ष ठेवा. धोकादायक ठरवलेल्या तारा खरंच जमिनीखाली जातात का? ओरणांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन त्यांची नोंद होते का? आणि पुढच्या मोठ्या प्रकल्पाची जागा ठरवताना माळाची तपासणी आधी होते, की पुन्हा कोर्टात गेल्यावर?

कोळशाची खाण बंद झाली तर निदान काही पिढ्यांनी जमीन सावरता येते. सोलर पॅनलचं आयुष्य २५ वर्षांचं धरलं जातं, नंतर तेही काढता येतील. शेवटचा माळढोक गेला तर तो परत आणायचा कुठलाही प्रकल्प नाही.